चर्च बंद, इमारत चालू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये जुन्या चर्चच्या इमारतीत आता कुठे वाचनालय आहे, कुठे सर्कशीची शाळा, कुठे पोस्ट. हे पाहून आलेले प्रवासी, वास्तुकलेचे विद्यार्थी आणि अशा एखाद्या इमारतीकडे डोळे लावून बसलेल्या संस्था आम्हाला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. नियम इंग्लंडचे, त्यातही मुख्यतः चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे तिथल्या अधिकृत अँग्लिकन पंथाच्या, इमारतींचे. बाकी देशांबद्दल प्रश्न १५ पाहा.

१. चांगलं भक्कम चर्च बंद का पडतं?

भिंती भक्कम असतात, त्या सांभाळणारी माणसं उरलेली नसतात. चर्चच्या डागडुजीचा खर्च सरकार उचलत नाही आणि धर्मप्रांताकडूनही (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) तो आपोआप येत नाही. तो त्या त्या पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, लोकांनी उभा करायचा असतो. रविवारी जेमतेम पंधरा-वीस माणसं येत असतील आणि छपराचं शिसं बदलायची वेळ आली, तर त्यांचा धीर सुटतो. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६,००० चर्च आहेत. त्यांतली १२,००० पेक्षा जास्त वारसा यादीत आहेत, त्यामुळे स्वस्तातली तात्पुरती दुरुस्ती करून वेळ मारून नेण्याचीही सोय नाही.

औद्योगिक शहरांत आणखी एक भर पडली. लोकसंख्या अशीच वाढत राहणार असं धरून एकोणिसाव्या शतकात तिथे भलीमोठी चर्च बांधली गेली. पुढे कारखाने गेले, वस्ती बदलली. १९६९ पासून चर्च ऑफ इंग्लंडने औपचारिकरीत्या बंद केलेल्या इमारतींचा आकडा दोन हजारांच्या आसपास आहे.

२. बंद करायचं कोण ठरवतं? आसपासच्या लोकांना विचारतात का?

विचारतात. पॅरिशचं चर्च-मंडळ, धर्मप्रांत, बिशप असा प्रस्तावाचा प्रवास होतो आणि मग चर्च कमिशनर्स ही चर्च ऑफ इंग्लंडची मध्यवर्ती संस्था मसुदा योजना जाहीर करते. त्यावर लेखी म्हणणं मांडायला २८ दिवस मिळतात. कधीही प्रार्थनेला न गेलेला शेजारीसुद्धा हरकत घेऊ शकतो, आणि सहसा तोच घेतो. सध्या हे सगळं २०११ च्या ‘मिशन अँड पास्टोरल मेझर’ या कायद्याखाली चालतं.

बंद झाल्यावर नवा वापर शोधायला साधारण दोन वर्षांपर्यंतची मुदत असते. तेवढ्या काळात इमारत धर्मप्रांताच्या वित्त मंडळाकडे राहते. काहीच जमलं नाही तर दोन वाटा उरतात. इमारत फार मोलाची असेल तर ती ‘चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट’कडे जाते, नाहीतर पाडली जाते. १९६९ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेला हा ट्रस्ट आज ३५० हून अधिक चर्च सांभाळतो.

३. बंद झाल्यावर ती जागा पवित्र राहते का? तिथे नाचगाणं कसं चालतं?

शेवटची प्रार्थना बहुधा होते, डोळे पुसलेही जातात, पण त्या इमारतीचं कायदेशीर पावित्र्य संपतं ते योजनेच्या कागदाने. त्यासाठी वेगळा धार्मिक विधी व्हावाच लागतो असं नाही.

याला अपवाद आहे. ट्रस्टकडे गेलेल्या इमारती अभिषिक्तच राहतात आणि तिथे वर्षातून अधूनमधून प्रार्थनाही होतात. तरीही वापराला आडकाठी येत नाही. ब्रिस्टलच्या पोर्टलंड स्क्वेअरमधलं सेंट पॉल्स हे अठराव्या शतकातलं चर्च ट्रस्टकडे आहे आणि २००५ पासून तिथे सर्कोमीडिया ही सर्कसकलेची शाळा भरते. मुख्य दालनात झुले टांगतात, विद्यार्थी हवेत कोलांट्या घेतात. अंतर भरपूर आणि खाली मधे खांब नाहीत, असं दालन सर्कसवाल्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?

४. संस्थेने अशी इमारत विकत घ्यावी की भाडेपट्ट्याने?

आमचं मत भाडेपट्ट्याच्या बाजूने आहे. विकत घेताना आकडा कमी दिसतो, कारण विकणाऱ्याला खर्चाचं ओझं उतरवायचं असतं. मग पहिल्याच पावसाळी हिवाळ्यात ते ओझं कसलं होतं हे कळतं. भाडेपट्टाही डोळे उघडे ठेवूनच करावा. ‘संपूर्ण दुरुस्ती भाडेकरूने करायची’ असं कलम असेल, तर छप्पर आणि मनोरा तुमच्याच गळ्यात आहेत.

सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. भोवतीचं दफनस्थान व्यवहारात आहे की वेगळं? रस्त्यापासून दारापर्यंत जायचा हक्क कागदावर आहे का? आणि विक्रीखतात वापरावर कोणती बंधनं घातली आहेत? दारू, जुगार, मोठ्या आवाजातलं संगीत यांवर बंधनं असू शकतात आणि ती पुढच्या मालकालाही लागू राहतात. संस्थेची नोंदणी ‘चॅरिटेबल इन्कॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन’ म्हणून असेल तर कर्ज विश्वस्तांच्या घरादारावर येत नाही. नसेल तर आधी ते करून घ्या, इमारत नंतर.

५. चर्चचं सभागृह करायला सरकारी परवानगी लागते का?

दोन वेगळ्या परवानग्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली वापर बदलण्याची. इंग्लंडच्या वापर-वर्गवारीत प्रार्थनास्थळ ‘एफ १’ या वर्गात येतं. वाचनालय, संग्रहालय, शाळा, सार्वजनिक सभागृह हेही त्याच वर्गात आहेत. म्हणून चर्चचं वाचनालय करणं हा कायद्याच्या नजरेत सहसा वापरबदल ठरत नाही. पण मुख्यतः स्थानिक वस्तीसाठीचं सभागृह ‘एफ २’ मध्ये जातं आणि उपाहारगृह ‘ई’ मध्ये. तिथे अर्ज करावा लागू शकतो. कोपऱ्यात चहाची टेबलं मांडणं आणि दिवसभर चालणारं उपाहारगृह यांत फरक आहे, तो स्थानिक नियोजन खात्याशी आधी बोलून घ्यावा.

दुसरी परवानगी वारसा इमारतीत फेरफार करण्याची. उपासना चालू असेपर्यंत चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतींना यातून सूट असते आणि धर्मप्रांताचं स्वतःचं न्यायपीठ ‘फॅकल्टी’ नावाचा परवाना देतं. चर्च बंद झालं की ही सूट जाते. मग भिंतीला खिळा ठोकायचा तरी स्थानिक परिषदेला विचारलेलं बरं.

६. बाक काढून टाकता येतात का?

सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. बाक हलले की सपाट, मोकळं दालन मिळतं आणि संस्थेला तेच हवं असतं. बहुतेक बाक एकोणिसाव्या शतकातले, कारखान्यात नगावर केलेले असतात. ते काढायला परवानगी मिळण्याची शक्यता बरी असते. मध्ययुगीन, टोकांना कोरीवकाम असलेले बाक मात्र कुणी हलवू देणार नाही, आणि देऊही नये.

बाक ज्या लाकडी चौथऱ्यावर बसवलेले असतात त्याखाली काय आहे ते आधी पाहा. चौथरा उचलला की खालची फरशी निघेल, थडग्यांचे शिलालेख निघतील किंवा नुसतीच माती निघेल. मातीच निघाली तर नव्या जमिनीचा खर्च बाकांच्या विक्रीतून अजिबात भरून येत नाही. काही बाक चाकांवर बसवून भिंतीकडेला ठेवणं ही तडजोड बऱ्याच ठिकाणी चालून गेली आहे. आवाजावर होणाऱ्या परिणामासाठी प्रश्न ८ पाहा.

७. आत खोल्या कशा काढतात? जुन्या भिंती फोडतात का?

चांगल्या कामांत भिंतीला हात लावत नाहीत. आत एक वेगळी, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी रचना घालतात. बोल्टनमधलं ऑल सोल्स याचा नमुना आहे. गिरणीकामगारांच्या वस्तीतलं हे विटांचं प्रचंड चर्च १९८६ मध्ये बंद झालं. जवळपास ५० लाख पौंडांचं काम होऊन डिसेंबर २०१४ मध्ये ते समाजकेंद्र म्हणून उघडलं. त्याच्या दालनात पांढऱ्या, टोकदार कोनांच्या दोन बहुमजली रचना उभ्या आहेत. बैठकीच्या खोल्या, कार्यालयं त्यांत आहेत. वरच्या मजल्यावर गेलं की एरवी खालून मान वर करून बघावं लागणारं छताचं लाकूडकाम हाताच्या अंतरावर येतं. पूर्व लंडनच्या बो भागातल्या सेंट पॉल्समध्ये तर २००४ पासून एक लाकडी पेटी पोलादी पायांवर अधांतरी उभी आहे. वर व्यायामशाळा, खाली प्रार्थना.

उद्या ही रचना काढली तर मूळ इमारतीवर काय खुणा उरतील, हा प्रश्न परवानगी देणारे पहिल्यांदा विचारतात. वास्तुरचनाकार निवडताना तुम्हीही तोच विचारा. ‘काही उरणार नाही’ असं सांगणाऱ्याकडून ते नकाशावर दाखवून घ्या.

८. आत बोललेलं काहीच नीट ऐकू येत नाही. उपाय काय?

दालनाच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा आणि ती विरेपर्यंत मोजा. मोठ्या दगडी चर्चमध्ये तीन ते पाच सेकंद सहज जातात. भाषण नीट समजायला हा काळ एक सेकंदाच्या आसपास हवा. एक शब्द विरायच्या आत पुढचे चार येऊन आदळतात आणि सगळ्याचा गोंगाट होतो. बाक आणि माणसं आवाज शोषतात, त्यामुळे बाक काढल्यावर हा त्रास वाढतो.

मोठे ध्वनिवर्धक लावणं हा उलटा उपाय आहे, कारण गोंगाटही तेवढाच मोठा होतो. खांबाखांबावर लहान, ऐकणाऱ्याच्या दिशेने वळवलेले ध्वनिवर्धक, जाड पडदे, छताजवळ आवाज शोषणाऱ्या पट्ट्या यांनी फरक पडतो. बैठका आणि वर्ग आतल्या बंद खोल्यांत हलवले की प्रश्न बराच सुटतो. संगीतासाठी मात्र हाच दोष गुण ठरतो. यॉर्कमधल्या सेंट मार्गारेट्समध्ये २००० पासून प्राचीन युरोपीय संगीताचं राष्ट्रीय केंद्र आहे ते उगाच नाही.

९. हिवाळ्यात एवढं मोठं दालन उबदार कसं ठेवायचं?

अख्खं दालन गरम करायचा नाद सोडा. गरम हवा छताशी जाऊन बसते आणि खाली पाय गारठलेलेच राहतात. शिवाय आठवडाभर थंड पडलेली इमारत एका संध्याकाळसाठी जोरात तापवली, की माणसांच्या श्वासातली वाफ गार दगडावर पाणी होऊन उतरते. त्याने चित्रं, लाकूड आणि ऑर्गन खराब होतात.

माणूस जिथे बसतो तिथेच ऊब द्यावी, रोजच्या कामाच्या खोल्या वेगळ्या बंद कराव्यात (प्रश्न ७) आणि मोठं दालन हिवाळ्यात कमी वापरावं. जमिनीखालून उष्णता देणं उत्तम, पण त्यासाठी सगळी फरशी उचलावी लागते आणि खाली थडगी असतात. म्हणजे पुरातत्त्वज्ञ आले, वेळ आला, खर्च आला.

१०. स्वच्छतागृह कुठे आणि कसं बांधायचं?

दिसायला किरकोळ, पण प्रकल्प इथेच अडतात. अनेक गावांतल्या जुन्या चर्चमध्ये नळच नसतो, आणि सांडपाण्याची वाहिनी टाकायची तर चहूबाजूंनी दफनं. खोल खणलं की हाडं लागतात.

यावर गावाकडच्या चर्चमध्ये एक साधी रचना वापरतात, तिला ‘ट्रेंच आर्च’ म्हणतात. जेमतेम दोन-तीन फूट खोल, लांबट चर खणायचा, दोन्ही कडांना ठोकळे लावायचे, वर फरशा टाकायच्या आणि मातीने झाकून टाकायचं. तळ मातीचाच. मैला त्यात पसरतो, हवा खेळती राहते आणि गांडुळं बाकीचं काम करतात. उथळ असल्याने थडग्यांना धक्का लागत नाही. ही सोय अधूनमधून वापर असलेल्या इमारतीसाठीच आहे. रोज शंभर माणसं येणाऱ्या केंद्राला मुख्य वाहिनीच हवी.

११. आत आणि आवारात थडगी आहेत. त्यांचं काय होतं?

नुसता वापर बदलत असेल आणि जमीन खणायची नसेल, तर बहुधा काहीच होत नाही. थडगी जागच्या जागी राहतात, नातेवाइकांना येता-जाता येतं. खणायचं असेल तर अवशेष सन्मानाने काढून पुन्हा पुरावे लागतात किंवा न हलवण्याची सूट न्याय मंत्रालयाकडून घ्यावी लागते. लंडनचं सेंट ल्यूक्स हे चर्च लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या सरावासाठी आणि संगीतशिक्षणासाठी तयार होत असताना तळघरातून हजाराहून अधिक दफनं हलवावी लागली. हे चर्च १९५९ मध्ये बंद झालं, त्याचं छप्पर काढलं गेलं, चाळीसेक वर्षं ते उघडंच होतं. २००३ मध्ये ते पुन्हा उघडलं.

आवारात नवीन बांधकाम करायचं असेल तर आणखी एक अट लक्षात ठेवा. तिथे गेल्या ५० वर्षांत दफन झालं असेल आणि नातेवाइकांनी हरकत घेतली, तर बांधकाम अडतं. सैनिकांची थडगी असतील तर युद्ध-स्मशान आयोगाशीही बोलावं लागतं.

१२. छतात वटवाघळं आहेत. त्यांना हाकलता येईल का?

नाही. इंग्लंडमध्ये वटवाघळांच्या सगळ्या जातींना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची राहण्याची जागा बुजवणं, ती तिथे नसतानाही, गुन्हा आहे. आधी जाणकाराकडून पाहणी, मग ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेचा परवाना, मग पिल्लांचा आणि शीतनिद्रेचा काळ टाळून काम, असा क्रम असतो. पाहणी उन्हाळ्यात करावी लागत असल्याने तो हंगाम चुकला तर वर्ष जातं. म्हणून कामाचं वेळापत्रक आखताना सुरुवात वटवाघळांपासून करावी. ती एका भागापुरती राहतील अशी सोय करून बाकीचं दालन स्वच्छ ठेवता येतं.

१३. प्रार्थना चालू ठेवून इतर वापर करता येतो का?

येतो, आणि आम्हाला हाच मार्ग जास्त पटतो. इमारत बंदच पडत नाही, त्यामुळे प्रश्न २ ते ४ मधली बरीचशी यातायात वाचते. लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या सेंट जेम्समध्ये २०१४ पासून पोस्टाची खिडकी आहे, लहान मुलांची खेळायची जागा आहे आणि रविवारी प्रार्थनाही होते. लिचफिल्डमध्ये शहराचं वाचनालयच २०१८ मध्ये सेंट मेरीजमध्ये हलवलं गेलं.

कुरबुरी वेळापत्रकावरून होतात. अंत्यविधी सांगून येत नाही आणि त्याच दुपारी मुलांचा वाढदिवस ठरलेला असतो. अशा वेळी कोणाचा हक्क आधी, हे करारात लिहून ठेवावं. तोंडी समजुतीवर सोडलेल्या गोष्टी पाद्री बदलला की संपतात.

१४. दुसऱ्या धर्माच्या संस्थेला अशी इमारत मिळू शकते का?

मिळू शकते, पण इमारत कोणत्या पंथाची यावर अवलंबून आहे. मेथडिस्ट आणि इतर स्वतंत्र पंथांची प्रार्थनामंदिरं इतर धर्मीयांकडे गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पूर्व लंडनच्या ब्रिक लेनवरची इमारत तर १७४३ मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांनी बांधली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून मशीद आहे.

चर्च ऑफ इंग्लंड मात्र आपल्या बंद इमारती इतर धर्मांच्या उपासनेसाठी देताना फार हात आखडता घेतं आणि प्रत्येक प्रकरण चर्च कमिशनर्सपुढे जातं. भाषावर्ग, वाचनालय, ज्येष्ठांचं केंद्र अशा वापरासाठी अर्जदाराचा धर्म आड येत नाही.

१५. इतर देशांत आणि कॅथलिक चर्चमध्ये नियम काय आहेत?

कॅथलिक चर्चच्या धर्मकायद्याच्या (कॅनन लॉ) १२२२ व्या कलमानुसार, उपासनेसाठी वापरता न येणारं चर्च बिशप लौकिक वापरासाठी मोकळं करू शकतात, मात्र तो वापर हीन नसावा. इमारत मोकळी झाली तरी वेदीचं पावित्र्य आपोआप जात नाही. त्यामुळे वेदी आणि संतांचे अवशेष आधी हलवले जातात. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचं तेराव्या शतकातलं डॉमिनिकन चर्च आज पुस्तकांचं दुकान आहे. क्यूबेक शहरातलं सेंट मॅथ्यू हे अँग्लिकन चर्च १९८० पासून सार्वजनिक वाचनालय आहे.

आपल्या जवळ दीवमध्ये सेंट थॉमस चर्चचं संग्रहालय झालं आहे आणि सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या इमारतीत रुग्णालय आलं. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाच्या वास्तूत ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे.

१६. काम झाल्यावर देखभालीत सगळ्यात महत्त्वाचं काय?

पन्हळी. पानं अडकून तुंबलेल्या एका पन्हळीने जेवढं नुकसान होतं तेवढं शंभर वर्षांच्या वाऱ्याने होत नाही. पाणी भिंतीत उतरतं, तुळईचं टोक कुजतं आणि ते कळतं तेव्हा रक्कम हाताबाहेर गेलेली असते. वर्षातून दोनदा, त्यातली एकदा पानगळ संपल्यावर, कुणीतरी शिडी लावून वर गेलंच पाहिजे. छपरावरचं शिसं चोरीला जातं, तेही त्याच वेळी लक्षात येतं.

दुसरी गोष्ट चुन्याची. दगडांमधल्या जुन्या दरजा चुन्याच्या असतात आणि भिंतीतला ओलावा त्यांतून बाहेर पडतो. तिथे सिमेंट भरलं की ओलावा दगडातूनच वाट काढतो आणि थंडीत दगडाचा पापुद्रा सुटतो. मधे उठून दिसणारी करडी, कडक रेघ आणि दोन्ही बाजूंचे खड्ड्यात गेलेले दगड दिसले, की तिथे कुणीतरी सिमेंट वापरलंय हे समजावं.

चालू चर्चना दर पाच वर्षांनी तपासणीचं बंधन १९५५ च्या कायद्यापासून आहे. समाजकेंद्र झालेल्या इमारतीला ते लागू राहत नाही, म्हणून संस्थेने ते स्वतःवर घालून घ्यावं. अंदाजपत्रक करताना करही धरा. वारसा इमारतींतल्या मंजूर फेरफारांवरची करमाफी ऑक्टोबर २०१२ मध्ये गेली, तेव्हापासून पूर्ण दराने व्हॅट लागतो.

१७. नवा वापरही बंद पडला तर?

भाडेपट्टा असेल तर इमारत मूळ मालकाकडे परत जाते. विकलेली असेल तर पुढचा वापर विक्रीखतातल्या बंधनांत बसला पाहिजे, नाहीतर ती बंधनं बदलून घ्यावी लागतात. बंद चर्च पुन्हा उपासनेसाठी उघडण्याची तरतूदही कायद्यात आहे. आत घातलेली रचना सुटी करता येण्यासारखी असेल (प्रश्न ७), तर यातला कुठलाही पर्याय स्वस्तात पडतो. संस्था गुंडाळण्याआधी किल्ल्या, नकाशे, वटवाघळांचे परवाने आणि दुरुस्तीच्या नोंदी एका जागी करून ठेवा. पुढच्या माणसाला सगळ्यात आधी लागतात त्या ह्याच.